घाटाचा राजा, मुक्काम पोस्ट पेण

सायकलचं स्टँड पाव किलोच्या पुढं भरतं. ही माहिती मला मिळाली तेव्हा ते स्टँड आमच्या पडवीत रद्दीच्या गठ्ठ्यावर पडलेलं होतं. शेजारी मडगार्ड, कॅरिअर, चेनकव्हर आणि घंटी असा बाकीचा ऐवज ओळीनं मांडलेला. मधोमध चिरंजीव बसलेले, पुढ्यात स्वयंपाकघरातला वजनकाटा.

“काय चाललंय?”

“वजन उतरवतोय.”

मला आधी वाटलं, स्वतःचं.

तेव्हापासून आमच्याकडे सायकल उभी राहत नाही, टेकते. फ्रीजला टेकते, तुळशीवृंदावनाला टेकते, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांच्या चपलांवर आडवी होते. टेकायला काहीच नसलं तर मला टेकते. “बाबा, दोन मिनिटं धरा हां,” म्हणून चिरंजीव आत जातात आणि आत गेल्यावर त्यांना आणखी कामं आठवतात. एका हातानं सायकल धरून दुसऱ्या हातानं पेपर उलटायची कला मला आता साधली आहे. रस्त्यानं जाणारे थांबतात. “विकायचीये का?” विचारतात. मी अजून ‘नाही’ म्हणतो.

शर्यतीच्या सायकलीचं वजन ६.८ किलोच्या खाली चालत नाही, असा जागतिक संघटनेचा नियम आहे, हे चिरंजीवांनी जेवताना सांगितलं. आवाजात काळजी होती.

“तुझी केवढ्याची आहे?” हिनं विचारलं.

“आता साडेदहा.”

“मग तुला कोण अडवतंय? वाढू का अजून भात?”

चिरंजीव इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहेत. दुसऱ्या वर्षाचा गणिताचा पेपर, एम-थ्री, अजून सोबत आहे. पण ध्येय विचाराल तर मुंबई–पुणे सायकल शर्यत. तीही जिंकायची नाही. त्या शर्यतीत बोरघाटाची चढण जो सर्वांत आधी पार करतो त्याला ‘घाटाचा राजा’ म्हणतात. चिरंजीवांना फक्त तेवढंच व्हायचंय.

“खंडाळ्याला राजा झालास, पुढं पुण्याला कसा जाणार?” मी विचारलं.

“तुम्ही स्कूटर घेऊन मागं असालच ना.”

ध्येय घाटाचं आणि गाव पेण. आमच्याकडे सपाटी भरपूर. खाडी, मिठागरं, भातखाचरं. चढ हवा तर खोपोलीच्या बाजूला जा, नाहीतर नागोठण्याच्या पुढं रोह्याच्या वाटेवर भिसे खिंड आहे, तिथं जा. चिरंजीवांनी दोन्ही रस्त्यांचा शास्त्रशुद्ध अभ्यास केला, चढाचे टक्के काढले, आलेख मांडले आणि रोह्याचा रस्ता निवडला. रोह्याला त्यांचं आजोळ आहे, ही गोष्ट आलेखात नव्हती.

पेण ते रोहा साधारण ४० किलोमीटर. त्यातला नागोठण्यापर्यंतचा तुकडा मुंबई–गोवा महामार्गाचा. २०११ साली पनवेल–इंदापूर रुंदीकरण सुरू झालं तेव्हा चिरंजीव पहिलीत होते. ते आता तिसऱ्या वर्षाला पोचले. रस्त्यालाही मधल्या काळात पुढच्या वर्गात घातलंय, फक्त काही विषयांत केटी आहे. त्यामुळे दोघांचं जमतं.

वडखळ नाक्यावर मात्र सायकल थांबवून चालत नाही. थांबली की चहाच्या टपरीवरून एकेक जण उठून येतो. आधी टायर दाबून बघतात. मग सीट बघून तोंडातून सहानुभूतीचा आवाज काढतात.

“केवढ्याला घेतलीस रं?”

हा प्रश्न अवघड. कारण या सायकलच्या किमती तीन आहेत. एक मला सांगितलेली, एक आईला सांगितलेली आणि एक मित्रांना सांगितलेली. नाक्यावर चिरंजीव “सेकंडहँड आहे” एवढंच सांगतात.

“तरी?”

चिरंजीव मला सांगितलेला आकडा सांगतात, म्हणजे सर्वांत लहान.

“एवढ्यात जुनी मोटरसायकल आली असती की! आणि हिला स्टँड नाय, घंटा नाय, पाऊस लागला तर चिखल पाठीवर. फसवलं तुला. बरं, ॲव्हरेज किती देते?”

शर्यतीतल्या माणसाचा ॲव्हरेज म्हणजे ताशी वेग. चिरंजीव मोठ्या उमेदीनं सांगतात, “सव्वीस!” आणि चाळीस वर्षं दुचाक्या चालवलेला तो टपरीवरचा समाज हळहळतो. लिटरला सव्वीस!

रोह्याला पोचेपर्यंत मनगटावरच्या घड्याळानं हजारभर कॅलरी जाळल्याचं कळवलेलं असतं. तिथं आजी उभी असते. आजोबांच्या फोनवर चिरंजीवांनी एक ॲप टाकून दिलंय, त्यात नातू कुठवर आला ते दिसतं. तो नागोठण्याला पोचला की आजोबा ओरडतात आणि आजी तवा ठेवते. मग घावने. मग तांदळाची भाकरी, वालाचं बिरडं, सुकटीची चटणी. थंडीत, म्हणजे नेमकी शर्यतींच्या हंगामात, मागच्या शेतात पोपटी लागते. मडक्यात भांबुर्डीचा पाला, वालाच्या शेंगा, अंडी, कोंबडी, वरून जाळ. चिरंजीवांचा आहारही ॲपमध्ये भरायचा असतो. त्या ॲपला पोपटी माहीत नाही. त्यातल्या त्यात जवळचा म्हणून त्यांनी ‘उकडलेलं अंडं, नग १’ असा पर्याय निवडला. पोपटीच्या रात्री त्यांनी एक अंडं खाल्लं, अशी अधिकृत नोंद आहे.

निघताना आजी सायकलकडे बघते. “रिकामाच चाललास का रे?” मग पाठीवरच्या पिशवीत दोन किलो वाल, तांदळाचं पीठ, कोकमं आणि सुकट. जिच्यावरून पाव किलोचं स्टँड उतरवलं, तिच्यावर पाच किलोचं आजोळ चढतं. एकदा सुकटीची पिशवी नीट बांधलेली नव्हती. नागोठण्याच्या अलीकडे कुत्र्यांना वास लागला. त्या दिवशी चिरंजीवांनी गाठलेला वेग त्यांना स्वतःला पुन्हा कधी गाठता आलेला नाही. पुण्यामुंबईचे लोक प्रशिक्षकाला महिन्याला पैसे मोजतात. आजीनं हे काम पावशेर सुकटीत केलं.

या रस्त्याची आणखी एक अडचण आहे. विनोबा भावे पेण तालुक्यातल्या गागोद्याचे, जन्म ११ सप्टेंबर १८९५. सी. डी. देशमुख महाडजवळच्या नात्याला जन्मले १४ जानेवारी १८९६ ला, आणि रोहेकर त्यांना पक्के आपले मानतात. जेमतेम चार महिन्यांच्या अंतरानं या जिल्ह्यानं पुढच्या सगळ्या पिढ्यांच्या पोरांना ऐकवायची सोय करून ठेवली. पेणहून निघताना शेजारचे निवृत्त गुरुजी फाटकाशी गाठतात. “किती किलोमीटर आज? हां. विनोबा भूदानासाठी १३ वर्षं पायी हिंडले. मनगटाला काही बांधलं होतं का त्यांनी?” आणि रोह्याला पोचावं तर आजोबा. आजोबा निवृत्त हिशेबनीस, त्यामुळे रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर हे त्यांचं दैवत.

“१९१२ साली मॅट्रिकला पहिले. संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती. तुझ्या त्या एम-थ्रीचं काय झालं?”

“आजोबा, ते सायकल चालवायचे का?”

“त्यांना आकडे डोक्यात राहायचे. हँडलला लावावे लागत नव्हते.”

हँडलला लावलेलं यंत्र चिरंजीवांनी घरी बनवलेलं. विकतचं परवडत नाही असं नाही, म्हणाले, पण विकतच्यावर विश्वास ठेवायचा कसा? युक्ती सोपी आहे. चाकाच्या आऱ्याला लोहचुंबक, फ्रेमला एक चिमुकला स्विच. चुंबक समोरून गेला की स्विच मिटतो आणि एक फेरी मोजली जाते. टायरचा घेर २.१ मीटर. फेऱ्या गुणिले घेर, भागिले वेळ, की झाला वेग. चुंबक हिच्या पर्सचा होता. ती पर्स आता मिटत नाही. वरची पेटी म्हणजे पापडाची प्लास्टिकची बरणी, कारण पेणच्या घरात दुसरी कुठली बरणी रिकामी सापडणार?

पहिल्याच दिवशी चिरंजीव वडखळपर्यंत ताशी ५८ च्या वेगानं गेले. आम्ही सगळे थक्क. मग कळलं की स्विच मिटताना थरथरतो आणि एका फेरीच्या दोन मोजतो. ही चूक दुरुस्त करायला प्रोग्रामात एक ओळ पुरली. ती ओळ चिरंजीवांना लगेच सुचली होती; पण टाकायला त्यांनी आठवडा घेतला. “तुलना करायला जुने आकडे हवेत,” असं कारण दिलं. तो आठवडा त्यांचा फार आनंदात गेला. मग पावसाचं पाणी बरणीत शिरलं. यंत्र उतारावर शून्य दाखवायला लागलं आणि रात्री फ्रीजला टेकलेली सायकल ३८ च्या वेगानं धावायला लागली.

अशात कुठून तरी त्यांना ग्रेम ओब्री सापडला. स्कॉटलंडचा हौशी पोरगा. स्वतःची सायकल स्वतः बनवली, पेडलच्या जोडणीत धुलाईयंत्राची बेअरिंग घातली आणि १७ जुलै १९९३ ला नॉर्वेतल्या हामारला तासाभरात ५१.५९६ किलोमीटर तोडून जागतिक विक्रम केला. चिरंजीवांनी ही कथा जेवताना इतकी रंगवून सांगितली की आमटी गार झाली.

हिला कथेतला एकच शब्द ऐकू आला. “धुलाईयंत्राची?”

“हो! घरचीच!”

“मग? राहिला का विक्रम?”

“सहा दिवसांनी ख्रिस बोर्डमननं मोडला. ५२.२७०.”

“सहा दिवस! आणि ती बाई आयुष्यभर हातानं धुतेय.”

पुढचे काही दिवस आमच्याकडे मशीन लावलं की ही त्याच्यासमोर स्टूल टाकून बसायची. चिरंजीव पाना घेऊन नुसते जरी मोरीवरून गेले तरी तिचं “कुठं?” यायचं.

पावसाळ्यात रस्ता बंद, म्हणून घरात रोलर. पाइपांचे तुकडे, दोन्ही टोकांना बेअरिंगा (भंगारवाल्याकडच्या, मशीन शाबूत आहे), त्यावर सायकलची दोन्ही चाकं. मारा पेडल, जागच्या जागी. सायकल कशालाच बांधलेली नसते, तोल आपला आपण सांभाळायचा. पहिल्या दिवशी चिरंजीव रोलरवरून सुटून थेट कपाटात गेले. जागेवर उभं राहून अपघात करणारा आमच्या घराण्यातला हा पहिलाच. आवाज असा घुमायचा की चौथ्या घरातल्या काकू पाटी घेऊन दारात आल्या. “गिरण घातलीत का हो? माझे तांदूळ आधी घ्या.”

रोलरवर ते वॅट मोजत. घामानं निथळून, जीभ बाहेर काढून कसेबसे १५० वॅट. समोर पंखा लावलेला, नाहीतर चक्कर येते.

“पंखा किती खातो?” हिनं विचारलं.

“७५.”

“म्हणजे उरले ७५. माझ्या मिक्सरवर ७५० लिहिलंय.” तिनं हिशेब केला. “चटणी वाटायची तर अशी दहा पोरं लागतील. आणि दहांना पुन्हा खायला कोण घालणार?”

फ्रेमला रंग द्यायचा होता. पेणमध्ये रंगाऱ्यांना काय तोटा? माझ्या ओळखीचे एक आहेत, गणपतीच्या कारखान्यात आयुष्य गेलं, हात असा की मूर्तीच्या डोळ्यांची आखणी दुसऱ्या कुणाला करू देत नाहीत. गणपती होऊन गेल्यावर जरा उसंत होती. चिरंजीवांनी सांगितलं, साधा काळा, चकाकी नको, अगदी पातळ हात. ते “बरं” म्हणाले. पण सांगितलं तेवढंच करायला ते काही पंप मारून भिंत रंगवणारे नव्हेत. फ्रेम परत आली तेव्हा काळी होतीच, पण कडेनं सोनेरी किनार, जोडांवर लाल मण्यांची रांग आणि पुढच्या बाजूला, हँडलच्या बरोबर खाली, दोन सुंदर डोळे. बुब्बुळात पांढरा ठिपका, पापण्यांना करडी छटा.

“डोळे कशाला, काका?”

“त्याशिवाय वस्तू अर्धवट वाटते रे. माझा ब्रश थांबेना.”

चिरंजीवांनी काट्यावर ठेवून पाहिलं. वजन वाढलं होतं. पण मला वाटतं, त्या डोळ्यांचा फायदा झाला. हायवेवर ट्रेलरवाले जरा अंतर ठेवून जातात आणि वडखळच्या टपरीवर एकानं नकळत हात जोडले. सायकलची किंमत त्यानं विचारली नाही.

मुंबई–पुणे लांब, आधी गावची शर्यत, म्हणून २६ जानेवारीच्या एका स्थानिक स्पर्धेत नाव घातलं. वेळ सकाळी सातची. पाहुणे सव्वानऊला आले. तोपर्यंत चिरंजीवांचा वॉर्मअप चालूच. पाहुण्यांनी युवाशक्तीवर भाषण केलं, ते संपेपर्यंत निम्मी युवाशक्ती वडापाव खाऊन आली. मग झेंडा हलला. पोरं सुसाट सुटली आणि चिरंजीव ठरलेल्या हृदयगतीत मागं राहिले. शेवटून पहिले.

वळायच्या जागी उभा केलेला कार्यकर्ता चहाला गेला होता. पुढची सगळी टोळी सरळ गेली, ती खूप लांब जाऊन कुणाला तरी शंका येईपर्यंत जातच राहिली. चिरंजीव एकटे मागून आले. फोनवर नकाशा होता, त्यांनी बरोबर जागी वळण घेतलं आणि मांडवात पहिले पोचले. अर्ध्या तासानं बाकीचे आले, घामेघूम आणि संतापलेले. समितीची बैठक स्टेजच्या मागं भरली.

“तू सगळ्यांच्या मागं होतास. मग पुढून कसा आलास?”

चिरंजीवांनी नकाशा दाखवला, वेळ दाखवली, फेऱ्या दाखवल्या. समितीनं पापडाची बरणी हातात घेऊन उलटीसुलटी बघितली.

“बाळा, एकोणतीस जण एका रस्त्यानं गेले. तू एकटा दुसऱ्या. चुकलं कोण?”

उत्तेजनार्थ म्हणून त्यांना स्टीलचा डबा मिळाला. तो २१० ग्रॅम भरला.

या निकालानंतर चिरंजीवांचं सगळं लक्ष भिसे खिंडीवर लागलं. सायकलीचा माग ठेवणाऱ्या त्या ॲपमध्ये प्रत्येक चढाचा तक्ता असतो; कुणी किती वेगानं चढला, ते ओळीनं. तिथं समितीबिमिती नाही. खिंडीच्या तक्त्यात चिरंजीव दुसरे होते. पहिला कुणी ‘रोहेकर’ नावाचा इसम, आणि त्याचा चढावरचा वेग ताशी ४३. चिरंजीवांची झोप उडाली. असा कोण राक्षस रोह्यात राहतो? रोज रात्री ते त्या रोहेकराची फेरी तपासत. शेवटी लक्षात आलं की हा मनुष्य नागोठणं स्टँडवर वीस मिनिटं निश्चल उभा होता. नंतर वाटेत प्रत्येक थांब्यावर थोडं थोडं थांबलाय. आणि थांब्यांच्या मध्ये डोंगर असो की सपाटी, वेग तोच.

“बाबा, हा एसटीत बसलाय! चालताना ॲप लावलं आणि बंद करायला विसरला!”

म्हणजे खिंडीची राणी आमची लाल परी. तक्रार करायची सोय असते, पण चिरंजीवांना ते कमीपणाचं वाटलं. मोडीन तर पायानं मोडीन, म्हणाले. एसटीला पायानं हरवायचं ठरवून ते आणखी जोरानं घावने खायला लागले.

मी दर रविवारी स्कूटरवर मागं असतोच. डिकीत पंप, ट्यूब, केळी. सपोर्ट गाडीचाही माग राहावा म्हणून चिरंजीवांनी माझ्या फोनवर तेच ॲप टाकून सुरू करून दिलं होतं. अशाच एका रविवारी खिंडीच्या पायथ्याला त्यांचं चाक बसलं. “तुम्ही व्हा पुढं, आजीला सांगा उशीर होतोय,” म्हणाले. मी गेलो. रस्ता मोकळा होता, हवा गार होती.

रोह्याला पोचून हेल्मेट काढतोय तर फोनवर मुकुटाचं चित्र. भिसे खिंड, पहिला क्रमांक, मी.

माझा जन्मात कशातही पहिला नंबर आलेला नाही. पाठोपाठ अभिनंदनं. कोण कुठली माणसं, पण किती मनापासून लिहितात! ‘काका, या वयात? सलाम!’ एका पुण्याच्या डॉक्टरांनी आहार विचारला. मी लिहिलं, ‘वालाचं बिरडं.’ त्याला सत्तर जणांनी पसंती दिली.

“बाबा, ते डिलीट करा,” चिरंजीव म्हणाले.

“करू की. घाई काय आहे?”

“तुम्ही स्कूटरवर होतात.”

“स्कूटर काय आपोआप चढते? वळणं कुणी घेतली?”

कचेरीत मी तो मुकुट दोनतीन जणांना दाखवला. सहज विषय निघाला म्हणून. शिपायानं चहा आणताना “राजे” म्हटलं, तेही मी ऐकून घेतलं. आणि गुरुवारी सकाळी उघडून बघतो तर मुकुट गायब. कुणीतरी तक्रार केली होती. माझी फेरी रद्द, रोहेकर पुन्हा पहिला. माझं डोकंच फिरलं. एसटीवाला महिनोन् महिने गादीवर बसलेला चालतो आणि स्कूटरवाल्याचे चार दिवस बघवत नाहीत?

चिरंजीवांनी शपथ घेतली. हिनं घेतली नाही, पण तिला ॲप उघडता येत नाही. रविवारी रोह्याला सासऱ्यांपुढं मन मोकळं केलं. ते झोपाळ्यावर बसून सुपारी कातरत होते.

“मीच केली तक्रार,” ते म्हणाले. “आकडा खोटा होता.”

“आणि त्या रोहेकराचा खरा?”

“खराच आहे. नागोठण्याला पेन्शनच्या कामाला गेलो होतो. येताना बंद करायचं राहिलं.” त्यांनी अडकित्ता बाजूला ठेवला. “तुमचं आणि माझं एक नाही, जावईबापू. मी अर्धं का होईना, तिकीट काढलं होतं.”